पत्र्याच्या नावेचं इंजन

इंजन गोठ्यात होतं. कडब्याच्या पेंढ्यांमागं, पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवलेलं. हरिचंदनं पोतं ओढलं तसे दोन उंदीर त्याच्या पायावरून पळाले आणि शिळ्या तेलाचा वास नाकात शिरला.

"उचल," दारातून तातेराव देशमुख म्हणाले.

हरिचंद भोई होता. नावा ओढण्यात, जाळी ओढण्यात त्याचं अंग घडलेलं. पण या लोखंडाला धरायला धड जागाच नव्हती. वर ताटाएवढं चाक आणि पेट्रोलची टाकी, मधे लांब नळी, खाली तीन पात्यांचा पंखा. खांद्यावर घेतलं की पंख्याचं पातं पाठीत रुतायचं. तसाच तो गोठ्यातून निघाला आणि गावाच्या मधल्या वाटेनं नदीकडं चालू लागला. पोळा नुकताच झाला होता. दारांवरची तोरणं वाळली होती. दारातल्या बाया त्याला पाहून आत सरकल्या, कारण त्याच्यामागं बंदूक घेऊन हिरासिंग येत होता. देशमुखाचा जमादार. त्याच्या दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा होता.

सोनखेड्याचा उतार, नावा लागायची जागा, गावाच्या खालच्या अंगाला. समोर पैनगंगा, दोन्ही काठ भरून वाहणारी, गढूळ आणि घाईत. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं वऱ्हाड. आजवर हरिचंदला हा फरक कधी जाणवला नव्हता. सकाळी अलीकडचे लोक पलीकडं न्यायचे, सांजेला आणायचे. त्याची बायको पलीकडच्या बोरीची, त्याची भाची पलीकडं दिलेली. पण या वर्षी लोक रातोरात घरं सोडून पलीकडं जायला लागले, आणि आषाढात वरून हुकूम आला की उतारावर एकही नाव राहता कामा नये. तातेरावांनी तो हुकूम पाळला. नावा काठावर ओढून घेतल्या, आणि ज्याची नाव त्याच्याच हातात कुऱ्हाड दिली. हरिचंदनं आपली नाव आपल्या हातानं फोडली. सागाची फळी सरळ फुटत नव्हती, तर मालक म्हणाले होते, "जोर लाव की रे हरच्या. खायला मिळत न्हाई का?"

तेव्हा त्याची बायको मिराबाई बोरीला माहेरी गेली होती. भावाच्या लग्नाला म्हणून गेली, कडेवर लेक ठकीला घेऊन. लग्न झालं, पाऊस लागला, नावा फुटल्या. ती तिकडं राहिली, हा इकडं.

एकट्यानं पोहून जाणं त्याला अवघड नव्हतं. सुक्या भोपळ्यांची पेटी पोटाला बांधली असती तर पुरातही गेला असता. पण घरात माय होती. रुक्माबाईचे गुडघे धरले होते, ओसरीवरून अंगणात यायचं तर भिंत धरावी लागायची. आणि जो पळाला त्याच्या घरच्यांना तातेरावांच्या पडवीत बसवून ठेवायचे, हे गावानं पाहिलं होतं.

आता तातेरावांनाच पलीकडं जायचं होतं. स्वतःला नव्हे, निदान आधी नव्हे. आधी थोरली बहीण द्वारकाबाई आणि घरातल्या ट्रंका न्यायच्या होत्या. लढाई होणार, हिंदुस्थानची फौज येणार, असं बाजारात लोक कुजबुजत बोलायचे. नावा राहिल्या नव्हत्या. राहिली होती ती शिकारीसाठी हैदराबादहून आणलेली पत्र्याची नाव आणि तिचं इंजन. ते चालवायला नांदेडचा एक ड्रायव्हर यायचा. तो उन्हाळ्यात गेला तो परत आला नाही.

"वल्ह्यानं नेतो मालक," हरिचंद म्हणाला होता.

"या पुरात? पत्र्याचं डबडं खाली खडकावर नेऊन आपटशील. अक्का बसणार हाये त्यात. तू ड्रायव्हरसंगं नावेत बसत व्हतास न्हाई? मग चालू कर."

तो बसत होता हे खरं. पुढं बसून उथळ पाणी आणि खडक दाखवायचा. इंजनाकडं त्याची पाठ असायची.

*

नाव काठाला दोरानं बांधली होती. हरिचंदनं मागच्या फळीवर इंजन चढवलं, स्क्रू आवळले. चाकाला खाच होती. दोरीची गाठ त्या खाचेत अडकवून दोरी चाकाभोवती गुंडाळायची आणि हिसका द्यायचा, एवढं त्यानं पाहिलेलं होतं. हिरासिंगनं डब्यातून टाकीत पेट्रोल ओतलं.

"सांभाळून," काठावर खुर्ची टाकून बसलेले तातेराव म्हणाले. "आता हे कुठं भेटत न्हाई. हिंदुस्थानातून येणं बंद हाये. हा डबा संपला की संपलं."

हरिचंदनं दोरी ओढली. चाक फिरलं, खर्र आवाज झाला, थांबलं. परत गुंडाळली, परत ओढली. नाव हलायची, त्याचा तोल जायचा, पाय पत्र्यावर घसरायचे. ऊन वर आलं. पावसानं उघडीप दिली होती आणि चिखलातून वाफ येत होती. अंगरखा पाठीला चिकटला तसा त्यानं तो काढून ठेवला. दोरीचं टोक चाकातून सुटून यायचं ते कधी हातावर, कधी गालावर बसायचं. एकदा कानाखाली बसलं आणि रक्त आलं.

"ओढ," तातेराव म्हणाले.

तो ओढत राहिला. पाण्यावरून पलीकडचा काठ दिसत होता. चिंचेची झाडं, त्यामागं बोरीची वाट. सकाळी तिकडं धूर दिसायचा. त्यातला एखादा मिराच्या भावाच्या चुलीचा असणार. हे इंजन चालू झालं तर तो त्या काठाला लागणार होता. हे त्याला आतून कुणीतरी सारखं सांगत होतं, आणि म्हणून त्याच्या हिसक्यात मालकाच्या धाकापेक्षा जास्त जोर होता. पण मालकांना ते दिसायला मार्ग नव्हता.

दुपार कलली तेव्हा हाताची सालं निघाली होती. तातेराव उठून जवळ आले.

"तुला चालू करायचं न्हाई."

"तसं न्हाई मालक."

"मग काहून होत न्हाई? ड्रायव्हर एका हिसक्यात करत व्हता. नाव फोडली त्याचा राग धरून बसला हायेस. मला कळत न्हाई का?"

"माझी बायको पल्याड हाये मालक. मला तर..."

"म्हंजे पळायचं हाये." तातेरावांनी हिरासिंगकडं पाहिलं. "उद्या याच्या मायला हितं आणून बसव. इंजन चालू होईस्तोवर."

*

घरी आल्यावर त्यानं हात पाण्यात बुडवले. रुक्माबाईनं ते पाहिलं. चुलीतली राख खोबरेल तेलात कालवली, त्याचे तळवे आपल्या मांडीवर घेतले आणि बोटानं लावत राहिली. तिचे हात मासळीच्या काट्यांनी चिरलेले, खरखरीत. बाळापूरच्या बाजारात आयुष्यभर तिनं मासळी विकली होती.

"उद्या तुला उतारावर बसवून राहिलेत," तो म्हणाला.

"बसते की. हितं तरी काय करून राहिले."

"ऊन हाये, माय."

"उन्हाचं काय." मग म्हणाली, "तू निघून जा. भोपळे हायेत. मी काय, आज हाये उद्या न्हाई. मला पडवीत बसवतील तर बसवतील. भाकर तर देतील ना?"

"गप बस."

"तुझं लेकरू चालाया लागलं असंल आता."

त्यानं हात ओढून घेतला. ती तशीच बोटाला राख लागलेली घेऊन बसली. बाहेर नदीचा आवाज वाढल्यासारखा वाटत होता.

*

दुसऱ्या दिवशी हिरासिंगनं म्हातारीला अर्ध्या वाटेपासून हाताला धरून आणलं. नावेसमोर चिखलात एक दगड होता, त्यावर ती बसली. मांडीवर फाटलेलं जाळं घेतलं आणि शिवू लागली. डोक्यावर पदर, त्यावर ऊन.

तातेराव वर चहाला गेले होते. हिरासिंग बाभळीखाली बसून हरिचंदची ओढाओढ पाहत होता. बऱ्याच वेळानं त्यानं बंदूक झाडाला टेकवली आणि नावेत उतरला.

"अरे, ऐसा नहीं होता," तो म्हणाला. "मी लॉरीवर क्लीनर व्हतो. लॉरी अशी बंद पडली तर उस्ताद पयले प्लग काढायचा. हा बघ. पाना आन."

पाना नव्हता. पक्कडीला चिंधी गुंडाळून त्यांनी प्लग सोडवला. काळा होता, पण कोरडा.

"ओला पाहिजे. म्हंजे पेट्रोल हितपर्यंत येऊनच न्हाई राहिलं."

"टाकीची तोटी तर उघडी हाये," हरिचंद म्हणाला.

दोघं टाकीकडं पाहत राहिले. तेवढ्यात वरून द्वारकाबाई आल्या. तातेरावांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडं आलेली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. हातात पितळी तांब्या होता. त्या सरळ म्हातारीकडं गेल्या आणि तांब्या तिच्यापुढं केला.

"पाणी घे रुक्मा."

"तुमी काहून आणलं अक्कासाहेब?" म्हातारी ओशाळली. वरून ओंजळीत धार घेऊन प्यायली.

द्वारकाबाई नावेजवळ आल्या. पदर तोंडाशी धरून, कुणाकडं न बघता म्हणाल्या, "तो ड्रायव्हर टाकीच्या झाकणावरचं पितळेचं बारीक बोंड फिरवून ढिलं करायचा. मी मागं नावेत बसले व्हते दोनदा. बोंड न्हाई सोडलं तर टाकीला श्वास न्हाई घेता येत, असं म्हणायचा."

हरिचंदनं झाकण पाहिलं. मधोमध पितळेचं बोंड होतं, हरभऱ्याएवढं, तेलानं काळं पडलेलं. ते फिरेना. दातांनी धरून पाहिलं, मग पक्कडीनं फिरवलं. आत हवा ओढल्याचा सूक्ष्म आवाज झाला आणि नळीखालून पेट्रोलचे थेंब गळू लागले.

"अरे वा," हिरासिंग म्हणाला.

द्वारकाबाई थांबल्या नाहीत. तांब्या घेऊन वर चढल्या.

आता प्लग ओला येऊ लागला, तरी इंजन उठेना. हिरासिंग म्हणाला, आता ठिणगी बघायची. प्लग तारेला जोडून लोखंडाला टेकवायचा आणि चाक फिरवायचं, तोंडाशी निळी ठिणगी दिसली पाहिजे. त्यानं दोरी ओढली, हरिचंदनं प्लग धरला. ठिणगी आली नाही, पण हरिचंदच्या कोपरापर्यंत असा झटका आला की तो ओरडून मागं पडला. म्हातारी जाळं टाकून उठायला गेली आणि गुडघ्यांनी दगा दिल्यानं चिखलात बसली. वरच्या वाटेवरून द्वारकाबाईंनी वळून ते पाहिलं.

"काय झालं? चावलं का काही?"

"न्हाई माय. बस तू."

त्यानं तार पाहिली. वरचं रबर उंदरांनी कुरतडलं होतं, आतलं तांबं उघडं पडून इंजनाला टेकत होतं. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आत तिथंच मरत होती. हिरासिंगलाही ते पटलं. हरिचंदनं म्हातारीकडून जाळ्याला लावायचं मेण मागून घेतलं, विडी पेटवायच्या काडीवर वितळवलं, धोतराची किनार फाडून त्यात बुडवली आणि तारेवर घट्ट गुंडाळली. हात सोललेले होते, गरम मेण चटके देत होतं. गुंडाळून झाल्यावर परत प्लग धरायची वेळ आली तेव्हा त्याचा हात पुढं जाईना.

"कापडानं धर ना येड्या," हिरासिंग म्हणाला.

या वेळी ठिणगी दिसली. निळी, बारीक, टचकन उडणारी.

तातेराव परत आले ते नेमके तेव्हा. प्लग काढलेला, तार सुटी, धोतराची चिंधी लोंबत असलेली. त्यांनी काठीनं इंजनाकडं दाखवलं.

"कुणी खोलायला सांगितलं?"

"साहेब, मी..." हिरासिंग बोलू लागला.

"तुला न्हाई विचारलं. बंदूक झाडाला टेकवून तू नावेत काय करून राहिला?" मग हरिचंदला म्हणाले, "वर ये. कान धर."

हरिचंद वर आला. मायच्या समोर त्यानं कान धरले. म्हातारीनं मान खाली घातली आणि जाळ्यातली एक गाठ बांधली, मग सोडली, मग परत बांधली. तातेरावांनी त्याला तसंच उभं राहू दिलं आणि मग म्हणाले, "जा. जोड ते."

जोडलं. दोरी गुंडाळून ओढली. इंजन फट्ट करून एकदा बोललं. पाण्यावर निळा धूर पसरला. आणि गप्प झालं.

दुसऱ्या हिसक्यालाही एकदा खोकलं. तिसऱ्याला काहीच नाही. प्लग काढला तर त्याच्यावर थेंब होते, पण वास पेट्रोलचा नव्हता. हरिचंदनं थेंब जिभेला लावला.

"पाणी हाये."

"पेट्रोलमंदी पाणी कुठून येईल?" तातेरावांचा चेहरा उतरला. "नवा डबा हाये."

"नवा कुठं साहेब," हिरासिंग हळूच म्हणाला. "पावसाळाभर पडवीत पडला. पन्हाळीखाली."

टाकी काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. बाटली म्हातारीच्या दगडाजवळ सावलीला ठेवली. हळूहळू तळाशी पाणी बसलं, वर पेट्रोल तरंगलं, मधे रेघ आली. हरिचंदनं ते वरच्या वर एका मडक्यात ओतून घेतलं, मायच्या लुगड्याच्या धुवट पदरातून गाळलं. परत बाटली भरायची, परत थांबायचं. घाई करता येत नव्हती. थांबताना हाताला काम नसायचं आणि मग पलीकडचा काठ जास्त दिसायचा. तळाचं पाणी जमिनीवर ओतलं तेव्हा त्याबरोबर थोडं पेट्रोलही गेलंच. तातेरावांनी ते जाताना पाहिलं आणि डोळे मिटले.

शेवटी टाकी निम्मीच भरली. हरिचंदनं दोरी गुंडाळली. एक पाय फळीला लावला, श्वास घेतला आणि ओढली.

इंजन एकदम ओरडलं. नाव पुढं धावली, दोर ताणला, हरिचंद तोंडावर आपटला. काठावरची बगळ्यांची रांग उठली. हिरासिंग हसायला लागला. म्हातारी दोन्ही हात कानांवर ठेवून बसली होती. हरिचंद चाकाजवळ गुडघे टेकून बसला आणि बारीक दांडी हलवून आवाज कमी-जास्त करून पाहत राहिला. त्याला रडू येत होतं की घाम डोळ्यांत जात होता, ते त्यालाच समजेना.

"बंद करू नको," तातेराव ओरडले. "अक्काला बोलवा. ट्रंका आणा. आत्ताच!"

*

ट्रंका आल्या. गडी धावत होते. द्वारकाबाई नावेत बसल्या, मांडीवर देवाची पेटी. हिरासिंग बंदूक घेऊन पुढं बसला, तोंड हरिचंदकडं करून.

हरिचंद इंजनाच्या आवाजावरून ओरडला, "मालक, मायला घेऊ का संगं? एवढीशी म्हातारी. नावेला तिचा काय भार पडनार..."

"म्हातारी हितंच," तातेराव म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलून म्हातारीच्या दगडाशेजारी ठेवली आणि त्यावर बसले. "तू जाऊन ये. ती कुठं जात न्हाई."

दोर सुटला. प्रवाहानं नावेचं तोंड धरून खाली फिरवलं. हरिचंदनं नाव वळवायचा दांडा दाबला, इंजनानं दम धरला आणि नाव तिरपी होत पाणी कापू लागली. लाकडं वाहत येत होती, एक मेलेलं वासरू पोट फुगवून गेलं. हरिचंदचे डोळे पाण्यावर होते, कान इंजनावर. जरा आवाज बदलला की हात दांडीवर जायचा. मागं वळून पाहिलं तर दगडावर पांढरा ठिपका होता, त्याच्या बाजूला खुर्चीचा काळा.

पलीकडं चिंचेखाली नाव लागली. आवाज ऐकून शेतातली माणसं आली होती. कुणी ट्रंकांना हात लावेना, नुसतं पाहत उभे राहिले. हिरासिंगनं आणि हरिचंदनंच त्या उतरवल्या. इंजन चालूच ठेवलं होतं, बंद करायचा धीर नव्हता. द्वारकाबाई चिखलात पाय ठेवून उतरल्या, थांबल्या.

"हरिचंद, तुझ्या बायकोचं नाव काय?"

"मिरा. बोरीच्या दगडू भोयाची बहीण."

"मी बोरीवरूनच जाते. सांगते तिला." मग नदीपलीकडं पाहून म्हणाल्या, "भावाला मी म्हणाले व्हते, रुक्माला घेऊ म्हणून. ऐकलं न्हाई त्यानं."

ट्रंका काठावरच ठेवून, त्यांच्यासाठी बोरीहून गाडी धाडायला त्या चालू लागल्या. हरिचंदचे पाय पलीकडच्या मातीत होते. वाट समोर होती. एवढ्यात हिरासिंग म्हणाला, "चल भाई," पण ते हुकूम केल्यासारखं नाही, विनवल्यासारखं. हरिचंद नावेत चढला.

परतल्यावर तातेराव खुशीत होते. "उद्या धान्याची पोती. मग भांडी. मग मी. परभणीहून दुप्पट दाम देऊन आणखी एक डबा मागवला हाये. तू आता आमचा ड्रायव्हर झालास रे हरच्या."

हरिचंदनं इंजन बंद केलं. इतक्या वेळानंतर शांतता आली तर कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. त्याला आता कळलं की इंजन चालू होत नव्हतं तोपर्यंत निदान तातेराव आणि तो एकाच काठावर अडकले होते. आता ते सुटणार होते आणि त्यांना सोडवायला तो रोज इकडून तिकडं, तिकडून इकडं येणार होता, मायला दगडावर ठेवून.

"मिराला पाहिलंस का?" घरी जाताना रुक्माबाईनं त्याच्या खांद्याला धरून विचारलं.

"न्हाई. निरोप धाडला."

"काहून धाडलास? येऊन रडत बसंल काठावर."

*

सकाळी पोती भरली. ज्वारी होती, नाव पाण्यात खोल बसली. रुक्माबाई दगडावर. इंजन आज चौथ्या हिसक्याला उठलं.

निम्म्या नदीतूनच त्याला चिंचेखाली हिरवं लुगडं दिसलं. बाजूला एक बोचकं, कडेवर लेकरू. तो दांडा सोडून अर्धवट उठला आणि नाव भलतीकडं जाऊ लागली.

"नीट बघ," हिरासिंग ओरडला.

नाव लागली. मिराबाई पाण्यात घोट्याइतकी आली होती. वाळली होती. तिनं त्याचे हात पाहिले, कानाखालची खूण पाहिली. ठकीनं त्याच्याकडं पाहून तोंड आईच्या मानेत लपवलं.

"वळखत न्हाई," तो म्हणाला.

"दोन दिसांत वळखंल."

पोती उतरवायची होती. हिरासिंग आणि तो उतरवू लागले. ती तिथंच उभी होती. शेवटचं पोतं उतरवताना त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "मायला सोडत न्हाईत. तिला कसं आणावं तेच बघून राहिलो. तू हितंच राहा. भावाकडं बरं हाये. मी आलो की..."

"कवा येणार?"

इंजन पुढ्यात फटफटत होतं, धूर त्यांच्या मधून जात होता.

"मला अक्कासाहेबांनी समदं सांगितलं," मिराबाई म्हणाली. "त्या रडत व्हत्या. म्हणत व्हत्या, म्हातारी चिखलात बसली तर तिला उठवायला कुणी नव्हतं." तिनं ठकीला एका हातानं वर सारलं, बोचकं उचललं आणि पाय नावेच्या काठावर ठेवला. "सरका."

"काय करून राहिलीस?"

"आत्याबाई एकल्या हायेत."

"मिरा, तिकडून परत येता येत न्हाई. समजून घे. लढाई व्हनार हाये म्हणतात. एकदा गेलीस तर गेलीस."

"तुमी काल माघारी गेलात तसं." ती पोत्यांच्या जागी पत्र्यावर बसली. ठकी इंजनाच्या आवाजानं रडायला लागली, तर तिचं तोंड छातीशी धरलं.

हिरासिंग पुढून उठून आला. "ए बाई, उतर. हुकूम नहीं है."

"कशाचा हुकूम न्हाई, जमादार? जायाची बंदी हाये ना? मी तर येऊन राहिले. त्या गावची सून हाये मी."

हिरासिंगनं विचार केला. डोक्यावरचा फेटा सारखा केला. असा हुकूम त्याला कुणी दिलेला नव्हता, आणि असं करणारं कुणी असेल हेही त्याच्या डोक्यात नव्हतं. तो हरिचंदकडं पाहू लागला, जणू तोच काही सांगणार होता.

हरिचंदनं बायकोकडं पाहिलं. तिला धरून खाली उतरवणं त्याला जमलं असतं. हातांची सालं निघाली होती तरी जमलं असतं. काठावर तिचा भाऊ दगडू येऊन उभा होता, त्यानंही नुसती मान हलवली, थकून. रात्रभर त्यानं समजावलं असणार.

इंजनाचा आवाज मधेच अडखळला आणि हरिचंदचा हात आपोआप दांडीवर गेला. नाव काठापासून सुटली.

पाण्याच्या मध्यावर मिराबाईनं मागं पाहिलं नाही. ती समोर पाहत होती, ठिपक्याएवढ्या दगडाकडं. पाणी उडून तिच्या पदरावर येत होतं. एकदा तिनं हात मागं करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवला.

नाव सोनखेड्याच्या काठाला लागली. तातेराव खुर्चीवरून उठले. नावेत पोती भरून गेली होती आणि आता तिच्यात एक बाई आणि लेकरू होतं, हे त्यांना काही उमगेना.

"ही कोण? ही कुठून आली?"

रुक्माबाई दगडावरून उठायचा प्रयत्न करत होती. एक हात दगडावर, एक मांडीवर. मिराबाई चिखलातून तिच्यापर्यंत गेली, वाकली आणि तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

"काहून आलीस?" म्हातारी ओरडली. "भवाने, अक्कल न्हाई का तुला? सुटली व्हतीस ना? मी याला सांगून राहिले निघून जा, निघून जा, आन् तू लेकरू घेऊन हितं? काहून आलीस गं?"

ती थांबेना. शिव्या देत होती, मिराबाईच्या दंडावर हलकेच मारत होती, आणि मारता मारताच तिनं ठकीला तिच्या कडेवरून घेतलं. लेकरू तिच्या खरखरीत हातांत गप झालं आणि तिच्या पदराकडं पाहू लागलं.

"हरच्या," तातेराव म्हणाले, "भांडी भर. दुसरी खेप."

हरिचंद नावेत उभा होता. काठावर त्याची तिन्ही माणसं होती. त्यानं दोरी हातात घेतली आणि भांडी यायची वाट पाहू लागला. रुक्माबाई अजून बडबडत होती आणि लेकरू काही खाली ठेवत नव्हती.